वेग : एकशे पस्तीस

वहिनीचा फोन आला तेव्हा बूथमध्ये एक निवृत्त बसड्रायव्हर कानांवर हेडफोन चढवून बसला होता आणि मी काचेच्या अलीकडून त्याच्या उजव्या कानात एकेक आवाज सोडत होते. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच पेशंटचं काम. पण एवढ्यावर माणसं थांबत नाहीत. नापास होऊ नये म्हणून काहीजण माझ्या तोंडाकडे बघून बटण दाबतात, काहीजण मनात आकडे मोजून. अशा वेळी मी मुद्दाम काहीच सोडत नाही, नुसतं हात हलवल्यासारखं करते आणि बघत राहते. ड्रायव्हर तसाच निघाला. संपूर्ण शांततेत त्याने ठासून बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. वहिनी कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून उचलला.

"बोलू शकतेस का गं?" ती म्हणाली.

"बोल ना."

"ह्यांनी स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. स्वतःहून. लेखी अर्ज देऊन."

"स्टोअरमध्ये म्हणजे?"

"म्हणजे नट-बोल्ट मोजायला! लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायचं नाही म्हणतात आता." मग तिने आवाज खाली आणला. दादा घरातच असावा, म्हणून आणला. "सोमवारी एका बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्याजवळ लिफ्टच्या टपावर सव्वा तास बसून राहिले. खालचा स्विच बंद केला होता की नाही, ते आठवेना म्हणे. हलले नाहीत, हाक मारली नाही. शेवटी कामावरचा जोडीदार शोधत गेला."

"मग? बंद नव्हता?"

"बंद होता ना! स्वतःच्या हाताने बंद करून, पाटी लावून, कुलूप घालून गेले होते. तीस वर्षं घालतात तसं." "शुक्रवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मला म्हणाले, बाबांचं असंच सुरू झालं होतं. मला सांग, त्या रविवारी तुमच्या त्या खेळात काय झालं होतं? तिथून आले ते असेच."

"हरला तो, वहिनी," मी म्हणाले. "बाकी काही नाही."

ड्रायव्हरने काचेवर टकटक केलं. झालं का, असं त्याने हाताने विचारलं. माझ्या समोरच्या कागदावर त्याच्या उजव्या कानाची रेघ अर्ध्यावर थांबली होती, आणि मशीन सांगत होतं की मी फोनवर असताना त्याने चार वेळा बटण दाबलं होतं.

दुपारभर मी श्रवणयंत्रांसाठी कानात घालायचे साचे घासत बसले. दादा लिफ्टचा मेकॅनिक आहे, एकावन्न वर्षांचा. मी चाळीस. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर आहे आणि ते मधल्या काळात कोणी भरलं नाही, त्यामुळे लहानपणी तो मला भाऊ कमी आणि धाकटा काका जास्त वाटायचा. तो कंपनीत नुकताच शिकाऊ म्हणून लागला होता तेव्हा एकदा दोन जुनी हातात धरायची खेळाची यंत्रं घेऊन आला. माझ्यासाठी म्हणून आणली, पण दुसरं कुणासाठी ते मी विचारलं नाही. त्या काळी दोन यंत्रं जोडायला वायर लागायची आणि ती वायर इतकी आखूड होती की समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे. त्याच्या हातांना ग्रीसचा वास यायचा. तो मला वेगवान राक्षस द्यायचा आणि स्वतःकडे जड, मंद ठेवायचा, आणि तरी जिंकायचा. मी रडले की म्हणायचा, "रडू नकोस, मोज. हा खेळ रडणाऱ्यांचा नाही, मोजणाऱ्यांचा आहे."

खेळ सांगायला सोपा आहे. सहा राक्षस घेऊन यायचं. समोरच्याचेही सहा आपल्याला दिसतात. सहांतले चार निवडायचे, दोन दोन मैदानात उतरवायचे. दोघांनी आपापली चाल गुपचूप ठरवायची, आणि मग ज्याचा वेग जास्त तो आधी मारतो. सगळा जीव त्या 'आधी'त असतो. प्रत्येक राक्षसाला वाढवायला ठरावीक गुण मिळतात. ताकदीत घाला, चिवटपणात घाला, नाहीतर वेगात. एकाच्या पेल्यात जास्त ओतलं की दुसऱ्याचा पेला उणा राहतो. खेळणारे हजारो असतात, टीम बांधणारे थोडे. मी बांधणारी. मला स्वतःला खेळायला बसवलं तर घड्याळ सुरू होताच बोटांना घाम फुटतो आणि मी भलतंच काहीतरी दाबते. पण कुणाच्या हातात कुठले सहा द्यावेत, कुणाचा वेग कुणाच्या एक पाऊल पुढे ठेवावा, हे मला दिसतं. खेळात ह्या राक्षसांची नावं लांबलचक आहेत. आमच्या घरात ती कधी चालली नाहीत. काळ्या पंखांचा तो काजळ्या, पाठीवर डोंगर वागवणारा तो खडकोबा, आणि पातं लवतंय तोवर येऊन जाणारी ती पाकोळी. ही नावं दादाने ठेवलेली. आता आमचा सगळा संघ तीच वापरतो.

संघ म्हणजे तिघं खेळणारे आणि मी. कॅप्टन, तिचा भाचा आणि दादा. कॅप्टन दातांची डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला उत्तर देता येत नसताना, बोलायची तिला वर्षानुवर्षांची सवय. महिन्याभरापूर्वी तिने मला दवाखान्यात बोलावलं आणि हातमोजे काढता काढता सांगून टाकलं, "दादांना बाहेर बसवावं लागेल गं. गेल्या दोन्ही स्पर्धांत घड्याळ संपेस्तोवर विचार करत बसले आणि हरले. तिकीटवाली तयार आहे." तिकीटवाली म्हणजे ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी. चुणचुणीत, बोटं तर अशी की यंत्राला दम लागावा. "आता राहिलं सांगायचं. तू सांग."

"मी का? कॅप्टन तू आहेस."

"मी सांगितलं तर अपमान होईल. तू सांगितलंस तर घरातली गोष्ट होईल."

तिला काय माहीत आमचं घर. आमच्या घरात वाईट बातमी कुणी कुणाच्या तोंडावर सांगत नाही. ती आपोआप कळावी अशी व्यवस्था करतात. बाबा ग्रंथालयात होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, हे ते खुर्चीतून न उठता सांगायचे, आणि लोक त्यांची परीक्षा घ्यायला मुद्दाम यायचे. त्रेपन्नाव्या वर्षी ते चुकीच्या कपाटाशी जाऊन उभे राहायला लागले. म्हणायचे, कुणीतरी पुस्तकं हलवतंय. मग घराचा नंबर गेला, मग माझं नाव. त्यांना शेवटी अशा माणसांच्या संस्थेत ठेवलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती. दादाने मला पंधरा दिवस सांगितलं की बाबा हवापालटाला गेलेत. शेवटचा पेपर झाल्यावर तो मला घ्यायला आला, आणि घरी न नेता थेट तिकडे घेऊन गेला. फाटकातून आत जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग आला नव्हता. मला वाटलं होतं, प्रेम हे असंच करायचं असतं.

म्हणून मी कॅप्टनला म्हणाले, सरळ नाही म्हणण्यापेक्षा दोघांचा सामना लावू. तीन डाव, दोन जिंकेल तो संघात. दादा हरला तर स्वतःच बाजूला होईल, कुणी काही बोलायला नको. सुंठीवाचून खोकला जाईल. कॅप्टनने विचारलं, "दोघांच्या टीम बांधणार कोण? तूच ना? झेपेल?" मी म्हटलं, झेपेल.

तिकीटवालीची टीम मी एका बैठकीत बांधली. तिची पाकोळी वेग एकशे छत्तीस. ह्या मोसमात सगळ्यांचीच पाकोळी एकशे छत्तीस असते. त्यापुढे नेली तर ती फुंकरीने मरते. दादाने त्याचं यंत्र माझ्याकडे आणून दिलं होतं, तो नेहमीच देतो. आकडे तू बघ, मी फक्त खेळतो, असं त्याचं. त्याच्या काजळ्याचा वेग एकशे सदतीस ठेवायचा, पाकोळीच्या एक पुढे, हे आमचं बोलणं फोनवर झालेलं होतं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी फिटिंगच्या खोलीत दार लावून बसले. तिथे साच्याच्या रबराचा एक गोडसर वास कायम कोंडलेला असतो. काजळ्याला मी एकशे सदतीसवर आणलं. मग बोट तसंच बटणावर राहिलं. मला दिसत होतं की दादा जिंकू शकतो. दोन्ही टीम माझ्याच होत्या, मला दोन्हीकडचं दिसत होतं. तिकीटवाली झपाट्याने खेळते पण शेवटाकडे उतावीळ होते, आणि दादा शेवटाकडेच मोठा होतो. तो जिंकला तर पुन्हा कॅप्टन, पुन्हा ते हातमोजे काढणं, पुन्हा 'तू सांग'. मी दोन वेळा बटण दाबलं. एकशे छत्तीस. एकशे पस्तीस. वाचलेले गुण चिवटपणात घातले. कुणी विचारलं असतं तर म्हणता आलं असतं, काजळ्या जरा तगावा म्हणून. कुणी विचारणार नव्हतं. डबा न खाता तसाच बंद केला आणि तीन वाजताच्या पेशंटला आत बोलावलं. एक बाई होत्या, म्हणाल्या, मला ऐकू सगळं येतं, पण कळत काही नाही.

यंत्र परत देताना दादाने विचारलं, "काजळ्या?"

"पाकोळीच्या एक पुढे," मी म्हणाले.

सामना झाला कॅप्टनच्या दवाखान्यात, रविवारी दुपारी, वेटिंग रूममध्ये. भिंतीवर हिरड्यांच्या रोगांची चित्रं, कोपऱ्यात माशांची टाकी, टेबलावर उघडझाप करणारा प्लास्टिकचा जबडा. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तिकीटवाली त्याला म्हणाली, "दादा, तुमच्याशी खेळायचं म्हणून काल मला जेवण गेलं नाही." तो म्हणाला, "मग आज आपण दोघंही उपाशी. मला सकाळपासून गेलं नाही." पहिला डाव त्याने घेतला, दुसरा तिने. तिसऱ्यात चौथ्या चालीला त्याने खडकोबाला विनाकारण पुढे करून मारू दिलं. कॅप्टनने माझ्याकडे भुवया उचलून बघितलं, म्हणजे बघ, म्हणत होते ना. पण मला हळूहळू दिसायला लागलं तो काय करतोय ते. खडकोबा मरताना पाकोळीला खरचटून गेला होता. त्यानंतरच्या तीन चालींत दादाने एकेक दार बंद करत आणलं. शेवटी मैदानात उरले दोघेच, त्याचा काजळ्या आणि तिची पाकोळी, दोघांतही एकेका फटक्यापुरता जीव. आडोसा नाही, सुटका नाही. जो आधी तो जिंकला. हे त्याने तीन चाली आधीपासून मोजून आणलं होतं. मी इतक्या वर्षांत त्याचा इतका सुंदर डाव पाहिला नव्हता. घड्याळात चाळीस सेकंद शिल्लक होते, पण त्याने ती वापरली नाहीत. चाल दाबली आणि मान वर करून माझ्याकडे बघून हसला.

पाकोळीने आधी मारलं.

तिकीटवाली ओरडली, मग लाजून तोंडावर हात धरला. दादा यंत्राकडे बघत होता. त्याने काजळ्याची माहिती उघडली. त्याचं बोट आकड्याखाली थांबलं, जसं शाळेतली मुलं वाचताना ठेवतात. "पस्तीस," तो म्हणाला. कुणाशी नाही. मग माझ्याकडे वळला. "सदतीस होतं ना गं?"

मी माशांच्या टाकीकडे बघितलं.

"गुरुवारी मी खडकोबाचे गुण जरा हलवले होते," तो म्हणाला. "तेव्हाच ह्याचेही माझ्या हातून हलले असतील का? मला तर आठवत नाही ह्याला हात लावल्याचं." तो खरंच विचारत होता. त्याच्या कपाळावर घामाची बारीक रांग होती आणि डोळ्यांत अशी काही भीती, जी मी पूर्वी एकदाच, दुसऱ्या एका माणसाच्या डोळ्यांत, पुस्तकांच्या कपाटापुढे पाहिली होती. मी ती पाहिली. पाहिली नाही असं मी म्हणू शकत नाही.

"असेल," मी म्हणाले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी नीट आठवून बघितले, त्या बुधवारी, साचे घासता घासता. त्याने एकदा फोन करून विचारलं होतं, "मी तुला काल फोन केला होता का गं?" मी हसून म्हणाले होते, "केला होतास, आणि हेच विचारलं होतंस." मला तो विनोद वाटला होता. एकदा त्याच्या शर्टाच्या खिशात छोटी वही दिसली. पूर्वी तो वही वापरणाऱ्यांची टर उडवायचा. एकदा आमच्याकडे आला आणि जाताना जिन्यातून परत वर आला, चप्पल माझीच आहे ना म्हणून बघायला. प्रत्येक वेळी माझ्या आत काहीतरी हलायचं आणि मी त्याला दाबून खाली बसवायची. म्हणायची, वय होतंय त्याचं. कॅप्टन बरोबर होती. बरं झालं वेळेवर बाजूला झाला. माणूस स्वतःशी किती शहाण्यासारखं बोलू शकतो.

साडेपाचला क्लिनिकमधून निघाले ती सरळ त्याच्याकडे गेले. वाटेत तीन वेळा मनाशी वाक्य जुळवलं. 'दादा, गैरसमज करून घेऊ नकोस' असं सुरू होणारं एक, 'खरं तर कॅप्टनचं म्हणणं होतं' असं एक, आणि तिसरं नुसतंच 'दादा'. दार वहिनीने उघडलं. तिने डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली आणि माझा हात दाबला, म्हणजे बरं झालं आलीस. ती चहा टाकायला वळली.

दादा टेबलाशी बसून लिहीत होता. समोर शाळकरी मुलांची असते तशी मोठी रेघांची वही. डावीकडे राक्षसांची नावं, उजवीकडे वेगाचे आकडे. पानामागून पान. "ये," तो म्हणाला. "बरी आलीस. तपास जरा. सकाळपासून लिहितोय, न बघता. सगळ्यांचे मूळ वेग. दोनशे बारा झालेत. किती चुकलेत सांग. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मी बसले आणि तपासायला लागले. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं. लाल पेन त्याने तयार ठेवलं होतं. पहिलं पान बरोबर. दुसरं बरोबर. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि मी चेहरा जिथल्या तिथे धरून ठेवला होता. आठ पानं झाली. एकही चूक नव्हती. जे राक्षस दहा वर्षांत कुणी खेळवले नाहीत, त्यांचेसुद्धा आकडे होते. एकच जागा मोकळी होती.

"काजळ्या का सोडलास?"

"त्याचं मला खात्रीने सांगता येत नाही," तो म्हणाला. "बाकीचे हात लावला की येतात. ह्याच्यापाशी आलो की मागे काहीतरी हलल्यासारखं होतं. बाबा म्हणायचे ना, कुणीतरी पुस्तकं हलवतंय. आता कळतं त्यांना कसं होत असेल."

"दादा, ते मी केलं होतं."

"काय?"

"एकशे पस्तीस. मंगळवारी. तुला सदतीस सांगितलं आणि पस्तीस ठेवलं. तू गुरुवारी फक्त खडकोबाला हात लावलास. काजळ्याला नाही लावलास. तुला आठवत होतं ते बरोबर होतं."

त्याने वही स्वतःकडे ओढली. वाक्य आत उतरायला वेळ लागत होता. "म्हणजे माझ्या हातून नाही हललं."

"नाही."

"आणि शेवटची चाल..."

"बरोबर होती. खडकोबा दिलास तिथपासून बरोबर. सदतीस असता तर तू जिंकला होतास."

आणि तो हसला. मला वाटलं होतं तो ओरडेल, उठून जाईल, निदान का म्हणून विचारेल. तो हसायला लागला, आधी आवाज न करता, मग मोठ्याने, टेबलावर दोन्ही पंजे आपटून. "अगं ए!" त्याने हाक मारली, "बाहेर ये, बाहेर ये आधी! ऐकलंस का, मी चुकलो नव्हतो! माझं डोकं शाबूत आहे!" वहिनी ओल्या हातांनी धावत आली. काय, काय, करत त्याच्याकडे बघते तर तो हसतोय. तीन आठवड्यांनी हसतोय. तिला दुसरं काही समजून घ्यायची गरज वाटली नाही. तिने मला मिठी मारली. तिचे ओले हात माझ्या पाठीला लागले आणि ती माझ्या खांद्यावर रडायला लागली, "मला माहीत होतं, तूच काहीतरी शोधून काढशील. मी म्हटलंच होतं ह्यांना, तिला विचारा म्हणून."

तिच्या खांद्यावरून मला दादाचा चेहरा दिसत होता. हसू आधी डोळ्यांतून गेलं. ओठांवर ते थोडा वेळ तसंच राहिलं, घरातली माणसं बाहेर पडल्यावर दिवा जळत राहावा तसं. मग तिथूनही गेलं. त्याने वही बंद केली. लाल पेन टोपणात घातलं. मी पाहत होते की तो आता मोजतोय, एकेक चाल मागे जात. रविवार, गुरुवार, मंगळवार, आणि त्याच्याही मागे.

वहिनीने डोळे पुसले आणि अगदी सहज विचारलं, "पण मग चुकलं कुणाचं?"

मी तोंड उघडलं. आवाज निघायच्या आत दादा म्हणाला, "मशीनचं."

"मशीनचं?"

"जुनं झालंय. बॅटरी उतरत आली की शेवटचा बदल नीट साठवत नाही. आपल्याला वाटतं आकडा बसला, पण आत जुनाच राहतो." मग तो तिला समजावत बसला, शांतपणे, हातांनी चौकोन दाखवत. लिफ्टच्या पॅनेललाही कधी कधी असं होतं, मजला सात दाखवतं आणि लिफ्ट असते सहावर. खोटं बोलताना माणूस घाई करतो, तो अजिबात घाई करत नव्हता. वहिनीने 'असं होय' म्हटलं आणि माझा हात हातात घेऊन थोपटत राहिली. चहा आला. मी प्यायले. चव कशी होती ते सांगता यायचं नाही.

कॅप्टनला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तिने आधी मला बोलूच दिलं नाही, मग एकदम सगळं बोलू दिलं, आणि शेवटी एवढंच म्हणाली की ह्यापुढे टीम तू बांधू नकोस. तिने दादाला फोन करून जागा परत देऊ केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, त्या पोरीने तिच्या परीने खरंच जिंकलंय, तिला खेळू द्या. तिकीटवालीने मात्र मला रस्त्यात गाठून विचारलं, "ताई, मला एकदा तरी विचारायचं होतंत, असं जिंकायचंय का म्हणून." संघ तिसऱ्या फेरीत बाहेर पडला. शुक्रवारी दादा डॉक्टरकडे गेला नाही, सोमवारी अर्ज मागे घेऊन पुन्हा शाफ्टमध्ये उतरला. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं, आनंदाने, आणि माझे आभारही मानले. तो आता दुसऱ्या एका संघातून खेळतो. आकडे स्वतः बसवतो.

पण त्या बुधवारी मी निघाले तेव्हा तो जिन्यापर्यंत आला. नेहमी येतो, म्हणून आला असावा. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. तो कठड्याला धरून उभा होता.

"मला बसवायचं, हे कुणी ठरवलं? कॅप्टनने की तू?"

"बसवायचं तिने ठरवलं. पस्तीस माझं."

"मग सांगायचंस की सरळ. मी काय रडलो असतो?"

"मला सांगता आलं नसतं, दादा."

"बरं." त्याने मान हलवली, जणू एखादा सुटा भाग तपासून बाजूला ठेवला. "तेही समजतं. पस्तीस ठेवलंस, एक वेळ समजतं. मीही कधीकाळी तुझ्यापासून लपवलंय. पण मी तुला विचारलं तेव्हा तू 'असेल' म्हणालीस. माझ्याकडे बघत म्हणालीस."

मला त्याचा हात धरायचा होता. तो कठड्यावर होता, दोन वीत अंतरावर. मी धरला नाही.

"कॅप्टनला सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"सांगेन. उद्याच."

"सांग." आत वहिनी काहीतरी गुणगुणत कप धूत होती, आणि तो क्षणभर तिकडे कान देऊन उभा राहिला. "हिला सांगू नकोस."

"का?"

"तिला तू आवडतेस," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.